‘चौथा’ नावाचा बंधू

  

आज आपण रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय पाहणार आहोत. आठव्या अध्यायावर आपण कितीतरी संदेश ऐकले आहेत, सोळाव्यावर क्वचितच. कारण त्यात नावंच नावं आहेत. पण ‘आपण कुणाच्या खिजगणतीतही नाही’ असं ज्याला वाटतं, त्याने हा अध्याय जरूर वाचावा.

हे पत्र पौलाने इ. स. ५७ च्या सुमारास करिंथ शहरातून रोमच्या मंडळीला पाठवलं. मूळ ग्रीक भाषेत ते सुमारे ७,००० शब्दांचं आहे. पौल सांगत होता आणि दुसराच एक जण ते सगळं हाताने लिहून काढत होता. बाविसाव्या वचनात तो लेखनिक स्वतः पुढे येऊन सलाम सांगतो. त्याचं नाव तर्तिय. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘तिसरा’. पुढच्याच वचनात आणखी एक जण येतो, क्वर्त. त्याचा अर्थ ‘चौथा’.

रोमी जगात अशी आकड्यांची नावं असत, दासांमध्येही असत. हे दोघे दास होते की नव्हते, हे शास्त्र सांगत नाही. पण विचार करा, नाव म्हणून आयुष्यभर एक आकडा वागवायचा! आपल्यातही पुष्कळांना हा अनुभव आहे. परीक्षेत रोल नंबर, कारखान्यात टोकन नंबर, दवाखान्यात खाट नंबर.

आता तेविसावं वचन नीट पाहा. त्यात क्वर्ताच्या शेजारी एरास्त आहे, करिंथ शहराचा खजिनदार. मोठा माणूस. करिंथच्या उत्खननात १९२९ साली एक शिलालेख सापडला. एरास्त नावाच्या अधिकाऱ्याने पद मिळाल्याबद्दल स्वखर्चाने फरसबंदी करून दिली, असं त्यावर कोरलेलं आहे. तो हाच एरास्त का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण मोठ्या माणसाचं नाव दगडावर कोरलं जातं, ही जगाची रीत त्यातून दिसते. चौथ्याचं नाव कोण कोरणार?

पौलाने ते लिहिलं. एरास्ताची ओळख त्याच्या पदावरून दिली. क्वर्ताची कोणत्या पदावरून देणार? तिथे एकच शब्द आहे, बंधू. आणि तो दया म्हणून लिहिलेला नाही. बंधू म्हणजे एकाच पित्याचं लेकरू. आठव्या अध्यायात पौल सांगतो की ख्रिस्तामध्ये देवाने आपल्याला दत्तक घेतलं आहे. ती शिकवण सोळाव्या अध्यायात माणसाचं रूप घेऊन उभी राहते. खजिनदार आणि चौथा, एकाच ओळीत.

प्रियांनो, देवाच्या घरात किंमत आधी मिळते, काम नंतर. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पित्याने आपल्या पुत्राविषयीचा संतोष प्रकट केला. तोवर येशूने एकही जाहीर प्रवचन केलं नव्हतं. वयाची सुमारे तीस वर्षं झाली होती आणि नासरेथात तो सुतार म्हणून ओळखला जात होता.

मागच्या संदेशानंतर एका ताईंनी लिहिलं. पतीला अर्धांगवायू होऊन अकरा वर्षं झाली. त्यांना शिक्षिका व्हायचं होतं. आता औषधं, पथ्य, धुणं, रात्रीची जागरणं. त्यांनी विचारलं, “माझं आयुष्य वाया गेलं का?”

ताई, ‘तुम्ही थोर आहात’ असं म्हणून मी हा प्रश्न टाळणार नाही. उलट तुम्हालाच एक विचारतो. तुमचे पती आज काहीच काम करू शकत नाहीत. मग त्यांची किंमत संपली का? तुमचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण रोज सकाळी तुम्ही त्यांची चादर बदलता. माणसाची किंमत कामावर ठरत नाही, हे तुम्ही आमच्यापेक्षा अधिक जाणता. तेच सत्य आज स्वतःलाही लावा. थकून हातून काही झालं नाही, त्या दिवशीही तुम्ही पित्याची तितकीच लाडकी लेक आहात.

आणि हेतूचं म्हणाल, तर याच अध्यायात रूफाची आई आहे. तिचं नावसुद्धा दिलेलं नाही. ती पौलालाही आईसारखी होती, एवढंच आपल्याला कळतं. तिने काय केलं असेल? जेवू घातलं असेल, आजारपणात उशाशी बसली असेल. ती सेवा देवाच्या वचनात नोंदली गेली.

मात्र हे ऐकून कोणी असं म्हणू नये की ताईंनी सोसत राहावं आणि आपण प्रार्थना करावी. एकमेकांची ओझी वाहणं ही मंडळीची जबाबदारी आहे. आठवड्यातून एक दुपार कोणी त्यांच्या पतीजवळ बसलं, तर ताईंना निवांत झोप मिळेल. तेही प्रभूचंच काम आहे.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. उपासनेनंतर मंदिर झाडणाऱ्या माणसाचं नाव विचारा. तुमच्या इमारतीच्या वॉचमनचं नाव विचारा. त्यांना त्या नावाने हाक मारा आणि त्यांच्यासाठी नावाने प्रार्थना करा. पौलाने या अध्यायात पंचवीसहून अधिक जणांची नावं घेतली आहेत. आपल्याला पाच तरी जमतील.

चला, प्रार्थना करू या. हे प्रेमळ पित्या, ज्यांना आज आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं, त्यांना तुझ्या लेकरांमध्ये तू मोजलं आहेस हे कळू दे. थकलेल्या हातांना बळ दे, आणि त्यांच्या मदतीला आम्हांला पाठव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.