नकाशातल्या घराला कोपरे किती?

माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनाला आपण गेला असाल. पायऱ्या चढून मागे वळून पाहिलं, की खाली घरांची छपरं दिसतात. हीच छपरं उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसतात. त्यांच्या कडेनं रेघ ओढली, की नकाशावर घराची आकृती तयार होते. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात अशा आकृत्या स्वयंसेवक काढतात. गुगल, मायक्रोसॉफ्ट यांनी तर संगणकाकडून कोट्यवधी घरं काढून घेतली आहेत.

पण काम बारकाईनं झालं का, हे कसं ओळखायचं? लाखो घरं डोळ्यांनी तपासणं शक्य नाही. म्हणून संगणकालाच सोप्या कसोट्या देता येतात. पहिली, कोपरे मोजणं. एका खोलीला चार कोपरे पुरतात; पण भल्यामोठ्या वाड्यालाही चारच असतील, तर घाईत चौकोन टाकला असावा. दुसरी, आकृतीभोवती बसेल असा लहानात लहान आयत काढायचा. गावातलं प्रत्येक घर तो आयत पूर्ण भरत असेल, तर ओसऱ्या-पडव्यांचे बारकावे गळाले असण्याची शंका घ्यावी. तिसरी, वाड्याचा चौक मोकळा दाखवला आहे का?

मात्र कोपरे जास्त म्हणजे नकाशा खरा, असंही नाही. यंत्रानं काढलेली कड कधी करवतीच्या दात्यांसारखी येते. कोपरे मोजणारा संगणक तिलाच जास्त गुण देतो!

हा नुसता गणिताचा खेळ नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्याच मराठवाड्यात, किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. अशा दाट गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं असतात. नकाशात अख्खी आळी एकच आकृती झाली, तर ढिगाऱ्याखाली किती कुटुंबं आहेत, याचा अंदाज कसा बांधणार?

घराच्या हक्काचंही तसंच. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होते. पण ड्रोन उडण्याआधी मिळकतींच्या हद्दी जमिनीवर चुन्यानं आखतात. एका छपराखाली दोन भावांची वाटणी झाली आहे, हे आकाशातून कसं कळणार?

म्हणून संगणकानं शंका कुठं आहे तेवढं दाखवावं. तिथं जाऊन दार वाजवायचं काम माणसाचंच.