प्रवेशानंतरचा आपलेपणा



स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा आजार नसून मेंदूच्या जडणघडणीतला वेगळेपणा आहे,
आणि त्यामुळे आवाज, प्रकाश, स्पर्श व इतरांचे बोलणे यांचा अनुभव निराळा येतो.

भारतात 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले,
आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पात्र विद्यार्थ्यांसाठी जागा राखीव झाल्या.

मात्र प्रवेश मिळाला, तरी आपलेपणा मिळतोच असे नाही.

महाविद्यालयीन जीवन बरेचसे न सांगितलेल्या नियमांवर चालते:
गटप्रकल्पात कोणाशी जमवावे, प्राध्यापकांना केव्हा भेटावे, कँटीनच्या गोंगाटात गप्पांत कसे शिरावे,
हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नसते.

म्हणून अनेक स्वमग्न विद्यार्थी इतरांची नक्कल करून आपले वेगळेपण झाकतात;
याला मास्किंग म्हणतात, आणि ते विलक्षण थकवणारे असते.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये असे मांडले, की स्वमग्न व इतर व्यक्तींमधले न समजणे दुहेरी असते:
स्वमग्न व्यक्तीला इतर उमगत नाहीत, तशी इतरांनाही ती उमगत नाही.
तेव्हा बदलण्याचा सारा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचेच ठरते.

प्रवेश म्हणजे आपलेपणा नव्हे, हे पुन्हा सांगायला हवे; त्यासाठी महाविद्यालयानेही थोडे बदलायला हवे.

लेखी सूचना, वेळापत्रकातील बदलाची आगाऊ कल्पना, ग्रंथालयात एखादी शांत खोली,
यांना फारसा खर्च येत नाही.

कधीकधी तर स्वागत समारंभापेक्षा बुद्धिबळाचे वा पक्षिनिरीक्षणाचे मंडळ अधिक उपयोगी पडते,
कारण तेथे बोलण्याचा विषय आधीच ठरलेला असतो.