मार्क होते, कागद नव्हता

दोस्तहो, मी गोदीत माल उतरवतो. शिक्षण दहावी. भाषण जमत नाही, घडलेलं सांगतो.

१९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. वर्ग सकाळचे ठेवले, नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून. आज मोबाइलवर 'स्वयम्' आहे, २०१७ पासून. प्राध्यापकांचे धडे फुकट, पैसे फक्त परीक्षेचे. पाळी सुटल्यावर मीही बघतो.

पण माझ्या बहिणीचं काय झालं ऐका. बारावी सायन्स पास. जात पडताळणीचा अर्ज उशिरा केला, कारण आधी कुणी सांगितलंच नाही. प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही. राखीव जागा गेली. मार्क होते, कागद नव्हता. त्या रात्री कविता सुचली नाही साली. यादी लिहिली:

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल. पडताळणीसाठी बारावीच्या निकालाची वाट बघायची नाही. मग महाडीबीटीवर अर्ज: घरचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत तर शिष्यवृत्ती, त्यावर फ्रीशिप.

ही यादी घेऊन दर रविवारी वस्तीच्या नाक्यावर एक टेबल टाकू. तुम्ही कॉलेजवाले फॉर्म भरा. घरोघरी जाऊन पोरं मी गोळा करतो. बहिणीचं वर्ष गेलं, शेजारणीच्या पोरीचं जाता कामा नये.

जयभीम.