घराभोवती हिरवा आडोसा



रानात वस्तीवर राहायला गेलं की एक अडचण होते, ती घरातल्या बायका सहसा बोलून दाखवत नाहीत. न्हाणी उघड्यावर आणि शेजारून वाट. पूर्वी त्या वाटेनं दिवसाकाठी चार बैलगाड्या जात, आता पहाटेपासून दुधाच्या मोटारसायकली धावतात. मग अंघोळ अंधारातच उरकावी लागते. आपण तुराट्यांचा कूड घालतो, तो एका पावसाळ्यात कुजतो. भिंतीला पैसा लागतो. म्हणून आज जिवंत आडोशाविषयी बोलू.

बांधाचं कुंपण वेगळं आणि घराचा आडोसा वेगळा, बरं का. घायपात जनावर अडवील, नजर नाही अडवणार. शेर दाट होतो, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. कण्हेर फुलांनी देखणी, पण मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. लेकरं खेळतात तिथं ही दोन्ही नकोत. माझं मत विचाराल तर अडुळसा लावावा. पान रुंद, बारमाही हिरवं, आणि कडू असल्यानं शेळी सहसा तोंड लावत नाही.

उन्हाळ्यात दीड फूट रुंद, तेवढाच खोल चर खणून ठेवा. माती तापू द्या, मग कुजलेलं शेणखत मिसळून चर भरा. शेजाऱ्याच्या हद्दीपासून तीन फूट आत राहा, म्हणजे पुढं कुरबूर नको. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की बोटाएवढ्या जाड, वीतभर लांबीच्या जून काड्या आणा. खालचे दोन डोळे मातीत, वरचे बाहेर. दोन ओळी करा, काडी-काडीत एक फूट, आणि दुसरी ओळ पहिलीच्या फटीसमोर येईल अशी. पन्नास फुटांना शंभर काड्या लागतात. पंचवीस जास्तीच्या बाजूला लावून ठेवा, मर भरायला उपयोगी पडतील.

आता खरी गोष्ट छाटणीची. इथंच आपला हात कचरतो. मीही पहिल्यांदा चुकलो. झाड जोमानं वाढतंय, कशाला कापायचं, म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या वर्षी वर हिरवी छत्री आणि खाली नुसते सोट! खालून कोंबड्याही जात आणि नजरही जाई. शेवटी गुडघ्याइतकं छाटून पुन्हा सुरुवात करावी लागली. तेव्हा लावणीनंतर पुढच्याच पावसाळ्याच्या तोंडाला सगळी झाडं जमिनीपासून एक फुटावर बिनधास्त कापा. बुडातून फुटवे येतील. ते वीतभर वाढले की निम्मे खुडा, असं दोन-तीनदा करा. आडोसा खाली रुंद, वर निमुळता राखा. वरचा भाग रुंद झाला तर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि बूड उघडं पडतं. डोक्याच्या वर हातभर गेला की पुरे.

पहिला उन्हाळा पाण्यावाचून काढू नका. न्हाणीचं पाणी चराच्या कडेनं फिरवलं तर वेगळं शेंदावं लागत नाही, पण ते एका जागी साचू देऊ नका, मुळ्या कुजतात. आणि आडोसा न्हाणीला अगदी चिकटून नको. चार फूट मोकळे सोडा आणि बुडाचा पालापाचोळा दर आठवड्याला ओढून काढा. त्यात विंचू-काटा लपतो, आणि न्हाणीकडे जाणारं पाऊल बहुधा अनवाणी असतं.