जपानी मिठाईच्या वर्गात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी "जपानविषयी दोन शब्द बोला" असे सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जपानात राहिले ती पाच आठवडे, तीही मुलीच्या बिऱ्हाडी. तेथील कारखाने, आगगाड्या यांविषयी बोलायचा मला अधिकार नाही. पण एके दिवशी मी तिथे मिठाई करायला शिकले, तेवढे सांगते.

२०२३ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मुलगी ओसाकाला नोकरीला आहे. तिथून क्योटो आगगाडीने अर्ध्या तासावर. हे शहर हजार वर्षांहून अधिक काळ जपानची राजधानी होते. दरबार, देवळे आणि चहाचे समारंभ यांच्यामुळे तिथे मिठाईची कला वाढली. या मिठाईला 'वागाशी' म्हणतात. काही जुने दुकानदार तिचे वर्ग चालवितात. आम्ही गेलो तिथे चार नग करायचे, एक तिथेच चहाबरोबर खायचा आणि तीन डब्यात घालून घरी न्यायचे असा रिवाज होता. काम सव्वा तासाचे.

वर्गात शिरताना माझे पाय कापत होते. तीसाहून अधिक वर्षांत मी कुणापुढे शिकायला म्हणून बसले नव्हते. त्यातून भाषा येत नाही. पण पाटावर मांडलेले जिन्नस पाहिले आणि जीव भांड्यात पडला. समोर चक्क पुरण होते! तांबडे पुरण आझुकी नावाच्या कडधान्याचे. हे आझुकी म्हणजे आपल्या मूग-उडदाचे भावंडच. पांढरे पुरण घेवड्यासारख्या दाण्यांचे. दाणे शिजवायचे, चाळणीवर घासून साले काढायची, गर पाण्यात धुऊन फडक्यात पिळायचा आणि साखर घालून आटवायचा. पांढऱ्या पुरणात चिकट तांदळाच्या पिठीचा साखरेत शिजविलेला गोळा मळून घेतात. मग ते लोण्यासारखे मऊ होते आणि हवा तो आकार धरते. याला 'नेरीकिरी' म्हणतात. तूप नाही, दूध नाही, वेलदोडा नाही. मला मेला तो वेलदोडा सारखा आठवत होता.

मिठाई ऋतूप्रमाणे बदलते. नोव्हेंबर म्हणून आम्हाला शेवंतीचे फूल आणि मेपलचे तांबडे पान करायचे होते. तिसरा नग पुरण चाळणीतून पाडून, त्याची शेव चिमट्यासारख्या काड्यांनी गोळीवर चिकटवायचा. चौथा कोरडा, पिठी आणि साखर लाकडी साच्यात दाबून.

आता जरा घरची गोष्ट सांगते. गणपतीत आमच्याकडे एकवीस मोदक असतात. मुलगी लहानपणी शेजारी बसून करू लागे. तिच्या पारीला चीर गेली की मी मोदक तिच्या हातातून घ्यायची, दोन बोटांनी कळ्या नीट करायची आणि चाळणीत ठेवायची. मी त्याला मदत समजत होते. पुढे ती बसेनाशी झाली. मी मात्र चारचौघींत सांगत असे, की हिला अभ्यासापुढे स्वयंपाकाची आवड नाही.

तर शेवंती. पांढऱ्या पारीत तांबडी गोळी भरून तोंड बंद करायचे. हे आपल्या उंड्यासारखेच. माझे झटकन झाले. शिकविणारे गृहस्थ साठीचे होते, त्यांनी काही विचारले. मुलगी म्हणाली, "आई, ते विचारताहेत तू हाच धंदा करतेस का?" मी फुगले. मग तिकोनी लाकडी पट्टीच्या कडेने पाकळ्यांच्या रेषा ओढायच्या होत्या. फुगलेल्या हाताने मी अशी दाबली, की पारी फाटून आतले तांबडे दिसू लागले. मी ते फूल त्यांच्यापुढे धरले. वाटले, घेतील आणि सावरून देतील. त्यांनी घेतले नाही. स्वतःचा एक गोळा माझ्या हाताशेजारी धरून त्यावर सावकाश एक रेष ओढली आणि थांबले. मी एक ओढली. त्यांनी दुसरी ओढली. असे शेवटपर्यंत चालले. माझी फाटलेली पाकळी फाटलेलीच राहिली.

इकडे मुलीच्या पानाचे एक टोक बारीक होऊन वाकले होते. माझा हात आपसूक पुढे गेला. तिने माझ्याकडे न बघताच आपली ताटली जवळ ओढून घेतली. रागाने नव्हे हो, सवयीने. मी हात मांडीवर ठेवला. तेवढ्या क्षणात मला सगळे मोदक आठवले.

चहाआधी मिठाई खायची, म्हणजे चहाचा कडूपणा गोड लागतो. तिने ते पान लाकडी काडीने कापले आणि अर्धे मला दिले.

परतताना एका दुकानात 'कोंपेइतो' पाहिला. हुबेहूब आपला संक्रांतीचा काटेरी हलवा! तसाच तापल्या कढईत पाक थोडा थोडा घालीत काटे आणतात. ही मिठाई पोर्तुगीजांनी तिकडे नेली. १५६९ साली त्यांच्या एका पाद्र्याने ती नोबुनागा या सरदाराला भेट दिली होती. मी मूठभर घेतला. किंमत मात्र विचारू नका.

२०२४ च्या गणपतीत मुलगी घरी आली होती. एकवीसांतले सात मोदक तिने केले. मी नारळ खवीत बसले. तिचे दोन वाफेत फुटले. नैवेद्याच्या ताटात तेही वाढले.

आज मी पांढऱ्या चवळीचे पुरण करून आणले आहे. चिकट तांदळाची पिठी मुलीने पाठविली. लाकडी पट्ट्याही आहेत. ज्या भगिनींना शेवंती करून पाहायची असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मागच्या टेबलापाशी यावे. हात मात्र स्वच्छ धुऊन यावे. मी शेजारी बसेन, पण तुमच्या फुलाला हात लावणार नाही.