एअर व्हाइस मार्शल एरलिक पिंटो : आज्ञा आणि मर्यादा



धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी साधुसंतांचे स्मरण करावयाचे असते. आज मात्र मी एका वैमानिकाचे स्मरण करणार आहे. कवठे येमाईसारख्या आपल्या शिरूर तालुक्यातील गावांतून सैन्यात जाणाऱ्या तरुणांची परंपरा आहे. ख्रिस्ती मनुष्याने शस्त्र हाती धरावे काय, आणि धरल्यास ते कसे चालवावे, हा प्रश्न त्यामुळे आपल्या घरातलाच आहे. एअर व्हाइस मार्शल एरलिक विल्मट पिंटो यांच्या आयुष्यात हा प्रश्न फार तीव्र रूपाने उभा राहिला.

पिंटो हे गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातले. हवाई दल हेच त्यांचे जीवितकार्य होते. सामान्य वैमानिकापासून चढत चढत ते सेनापतिपदास पोहोचले. सन १९६१ च्या डिसेंबरात भारत सरकारने गोवा मुक्त करण्याचे ठरविले, तेव्हा या मोहिमेतील हवाई दलाचे आधिपत्य त्यांच्याकडे आले. पुणे आणि बेळगावजवळील सांब्रा हे त्यांचे तळ होते. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून उडालेली विमाने त्यांच्या पूर्वजांच्या भूमीवर जावयाची होती. ज्या भूमीत संत फ्रान्सिस झेवियर यांचे शरीर विसावले आहे, तीच ही भूमी. आपले कुलवृत्तान्त, आपली मंदिरे, आपले आप्त जेथे, तेथे बॉम्ब टाकण्याचा हुकूम देणे ही काही लहानसहान कसोटी नव्हे.

त्यांना वरून मिळालेली आज्ञा मोठी नेमकी होती. दाबोळीचा विमानतळ शत्रूला निरुपयोगी करावयाचा. परंतु तेथील प्रवासी इमारत व इतर सोयी यांना धक्का लावावयाचा नाही. बांबोळीचे बिनतारी संदेश केंद्र बंद पाडावयाचे. दमण व दीव येथील धावपट्ट्यांवर पूर्वपरवानगीवाचून हल्ला करावयाचा नाही. आणि पुढे सरकणाऱ्या पायदळास साहाय्य करावयाचे.

१८ डिसेंबर १९६१ रोजी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमाने दाबोळीवर गेली. काही मिनिटांत ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब धावपट्टीवर पडले. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्यासह आणखी आठ विमाने गेली. हंटर विमानांनी बांबोळीचे केंद्र निकामी केले. इतके होऊनही दाबोळीच्या इमारती उभ्याच राहिल्या. आवारात उभी असलेली दोन मोठी प्रवासी विमाने बचावली. त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टी घाईने डागडुजून काही अधिकाऱ्यांची कुटुंबे त्या विमानांतून बाहेर काढली. युद्धशास्त्राचा पंडित याला उणीव म्हणेल. परंतु त्या रात्री आपापल्या मुलांना कवटाळून बसलेल्या मातांना ती उणीव वाटली नसेल!

दुसऱ्या बाजूसही संयम दिसला, हे सांगणे न्यायाचे होईल. लिस्बनहून सालाझारची आज्ञा अखेरपर्यंत लढण्याची होती. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो व्यर्थ संहार टाळला आणि १९ डिसेंबर रोजी शरणागती पत्करली. याबद्दल मायदेशी त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आले.

आता कोणी म्हणेल, मर्यादा तर वरिष्ठांनी घातली होती. यात पिंटोंचे श्रेय काय? उत्तर सोपे आहे. मर्यादा कागदावर लिहिणे एक, आणि वेगाने धावणाऱ्या वीस विमानांकडून ती पाळून घेणे दुसरे. शुभवर्तमानातील शताधिपती आठवा. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी आपण जे नम्र शब्द उच्चारतो, ते मुळी त्या सैनिकाचेच. तोही वरच्यांच्या आज्ञेत वागणारा आणि खालच्यांना आज्ञा देणारा होता. प्रभूने त्याला तलवार टाकावयास सांगितले नाही. त्याच्या श्रद्धेचे कौतुक केले.

आणखी एक गोष्ट. आपण कॅथलिक म्हणजे परक्यांच्या पंथाचे, असा टोमणा आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. पोर्तुगीज सत्ता स्वतःस धर्मरक्षक म्हणवीत असता गोव्याच्या मुक्तीसाठी त्यांच्या तुरुंगात गेलेले त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा ख्रिस्ती घराण्यातले होते. आणि त्या मुक्तीच्या मोहिमेत हवाई दल चालविणारे पिंटोही ख्रिस्ती घराण्यातलेच. टोमण्यास याहून निराळे उत्तर देण्याची गरज नाही.

पिंटोंना यश फार दिवस भोगता आले नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पूंछजवळ त्यांचे हेलिकॉप्टर तारांना आदळून कोसळले. लेफ्टनंट जनरल दौलत सिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग, मेजर जनरल नानावटी, ब्रिगेडियर ओबेरॉय, वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट सोधी आणि पिंटो, असे सहाही जण गेले. वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी एकाच विमानातून एकत्र प्रवास करू नये, हा दंडक या घातानंतर कडक झाला. योगायोग असा की, त्याच दिवशी अमेरिकेचे पहिले कॅथलिक अध्यक्ष केनेडी यांचाही वध झाला. जगाने त्या बातमीत अश्रू ढाळले. आपल्या सेनापतींची बातमी तिच्या छायेत राहिली.

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. आपापल्या आप्तांसाठी मिस्सा सांगताना या सहा जणांचीही आठवण ठेवा; ते निरनिराळ्या धर्मांचे होते, मरण मात्र एकत्र आले. आणि तरुणहो, सैन्यात जा किंवा शेतावर राहा, तुमच्या हाती कोणावर ना कोणावर सत्ता येईलच. काय मोडावयाचे याची आज्ञा कोणीही देईल. काय मोडावयाचे नाही, हे मात्र स्वतः सांभाळावे लागते.