गरोदरपण आणि हिरड्या



आज महागाई भत्त्यावर बोलणार नाही. गरोदर बाईने दात घासताना ब्रशवर रक्त दिसले की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "दिवस गेलेत, व्हायचंच. बाळंत झालीस की थांबेल." हे अर्धेच खरे आहे. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके वाढल्याने हिरड्या हळव्या होतात. पण सूज आणतो तो दातांच्या कडेला साचलेला जंतूंचा चिकट थर. म्हणून रक्त येते म्हणून घासणे थांबवणे हा उलटा उपाय झाला. मऊ ब्रशने दोन वेळा घासायचेच.

उलटीनंतर मात्र लगेच घासू नका. आम्लाने दातांचे वरचे कवच मऊ झालेले असते. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा आणि निदान अर्धा तास थांबा. हिरडीवर लाल गाठ आली तरी घाबरू नका. ती बहुधा बाळंतपणानंतर ओसरते. तरी डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक मुलामागे एक दात जातो, ही तर निव्वळ समजूत. बाळ आईच्या दातांतला चुना ओढून घेत नाही.

आता मिश्रीबद्दल. आपल्या चाळींत आणि क्वार्टरमध्ये ती अजून आहे, आणि "मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते" असे सांगणाऱ्याही आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच! मुंबईतल्या 1217 स्त्रियांची पाहणी 2004 साली प्रसिद्ध झाली. तंबाखू, मिश्री वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली, आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणेही त्यांच्यात जास्त होती. सासूबाईंना हा आकडा सांगा. आणि बंधूंनो, घरात डबी तुम्हीच आणता.

हिरड्यांचा आजार बळावलेल्या स्त्रियांत अपुऱ्या दिवसांची प्रसूती जास्त आढळते. मात्र गरोदरपणी हिरड्यांवर उपचार केल्याने ती टळते, असे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. तेव्हा कोणी तसा दावा केला तर विश्वास ठेवू नका. उपचार करायचा तो आईचे दुखणे थांबावे, तिला नीट जेवता यावे म्हणून. तेवढे कारण पुरेसे आहे.

"आता नको, बाळंतपणानंतर या" असे कोणी परत पाठवले तर तेही मानू नका. दात साफ करणे, भरणे, गरज पडल्यास हिरडी बधिर करून काढणे, हे गरोदरपणात करता येते; चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा. गरोदर असल्याचे आधी सांगा. टेट्रासायक्लिन घेऊ नका, त्याने बाळाचे दात डागाळतात. दुखण्याच्या गोळ्याही मनाने घेऊ नका.

रेल्वे कामगाराच्या पत्नीला रेल्वे इस्पितळाचा हक्क आहे. टपाल खात्यातल्यांना, जिथे केंद्रीय आरोग्य योजना आहे तिथे, तिच्या दवाखान्याचा. पहिल्या तपासणीला जाल तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडची चिठ्ठी त्याच दिवशी मागून घ्या. पतीची रात्रपाळी असेल तर शाखेतल्या भगिनींनी सोबत जावे.